रिकामं म्हणून दिलेलं रीळ

भाऊजी, तुमच्या तेरवीला मी तुमच्याच घरात माझी भजनं लावली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं माझ्यानं लिहून व्हायचं नाही.

तेरवीला लोक भजनी मंडळ बोलावतात. माझं मंडळ अकोल्याला, तुमच्या खोल्या अमरावतीला, आणि ऐन थंडीत इतक्या बाया गाडीत घालून कोण आणणार? मग मला सुचलं, की भाऊजींनी आपली भजनं टेपवर भरून ठेवलीत की, तीच लावू. तुमचे दादा म्हणाले, "राहू दे नं, काहून उगीच?" मी ऐकते होय! म्हटलं, "त्याइनं सोताच्या हातानं भरली हायेत. त्याइच्या आत्म्याले बरं वाटन." तुमच्या आत्म्याचं नाव पुढं केलं खरं. पण सगळे सोयरे एका जागी बसलेत, तुमच्या शाळेतले मास्तर आलेत, आणि आता सगळे माझा आवाज ऐकतील, याचं मला आतून बरंच वाटत होतं. तुम्ही जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि तुमच्या वहिनीचं मन कुठं होतं, पाहा.

टेप लावायला तुम्हीच मला शिकवलं होतं. घरातल्या बाईनं यंत्राला हात लावू नये असं म्हणणारे दादा, आणि "वहिनी, या, तुमी फिरवा" म्हणणारे तुम्ही. आधी वीज द्यायची, मग दिवे गरम होऊन तो हिरवा डोळा उघडेपर्यंत थांबायचं, मग किल्ली फिरवायची. लाल बटणाला मात्र हात नाही. "लाल बटन दाबलं का आंधीचं पुसलं जाते, वहिनी. नवीन भरते तेच जुनं पुसत पुसत भरते. याच्यात परत काई येत नाई." हे तुम्ही मला इतक्यांदा बजावलं होतं, की शेवटी मी चिडून म्हटलं होतं, "मले काय कुकुलं बाळ समजता का?"

तर लावलं. माझी चार भजनं झाली. मागच्या रांगेतल्या एक काकू मान डोलवत होत्या. चौथं संपलं, त्यावर माझाच आवाज आला, "भाऊजी, अजून एक म्हणू का?" आणि तुमचा, "बस, वहिनी." मग खट्. तुमचा आवाज ऐकून बायांनी पदर डोळ्याला लावले. मी उठून किल्ली बंद करायला पाहिजे होती. पण काकू म्हणाल्या, "काय गोड गळा हाये वं तुमचा," आणि मी तिकडं तोंड करून लाजत बसले. रीळ फिरतच राहिलं.

आणि इंदू बोलली.

तुमची इंदू. माझी धाकटी जाऊ, मला 'बाई' म्हणणारी, जिला जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील. तापानं गेली, तुमच्या लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती. ती त्या खोलीत जशी बोलायची तशी बोलली, अर्धं तोंड चुलीकडं असल्यासारखं: "उद्या बाई येऊन राहिल्या अकोल्याहून. त्याइले पाटवडी पायजे. बेसन हाय का पाहा बरं डब्यात. बाईचं तोंड चालते, पन मनात काई नसते हो त्याइच्या." मग भांडं आपटल्याचा आवाज. मग एकदम, "अन् हे काय? हे फिरून राहिलं? माहं सारं भरून राहिलं का त्याच्यात? पुसा, पुसा बाप्पा ते!" त्यावर तुमचं हसणं. "नाई पुसत." "पुसा म्हनते नं!" "नाई पुसत, इंदू. कधीच नाई." आणि दोघांचं हसणं चालू असतानाच रीळ संपलं आणि पट्टीचं टोक फटाफट यंत्रावर आपटायला लागलं.

कुणी उठेना. दाराजवळच्या कोपऱ्यात इंदूची आई बसल्या होत्या, दर्यापूरहून आलेल्या. त्यांना आधी वाटलं असेल आपल्या कानांना भास झाला. मग त्या बसल्या बसल्या पुढं सरकत आल्या, टेपजवळ आल्या, आणि माझा हात धरून म्हणाल्या, "माही इंदी व्हय. हे माही इंदी व्हय. याच्या मांगचं लावा नं, बाई."

मागचं लावा! मी रीळ मागं फिरवलं. माझं चौथं भजन लागलं. "हे नाई वं, इंदीचं लावा." अजून मागं फिरवलं. माझं तिसरं. अजून मागं. मी, मी, नुसती मीच. शेवटी त्या माउलीनं मला विचारलं, काही वाईट मनात न ठेवता विचारलं, "मांगं सारं तुमचंच हाये का?"

भाऊजी, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवीन भरते तेच जुनं पुसत पुसत भरते. मी "हो" म्हटलं आणि आत जाऊन बसले, आणि पंगती उठेपर्यंत बाहेर आले नाही. लोकांना वाटलं दिरासाठी रडते आहे. रडत नव्हते. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आता भजनं भरली तो दिवस राहून राहून आठवतो. माझ्या गळ्याला गाठ झाली होती. कापायची ठरली, अमरावतीच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी दादांना सांगितलं, की जिवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही, राहील किंवा बसेल. दादांना वाटलं, जीव वाचतो आहे तर आवाजाचं काय घेऊन बसलात. मला मात्र उलटं वाटलं. माझ्याकडं दुसरं होतं काय हो? शिकणं व्हर्नाक्युलर सातवीपर्यंत, रूप यथातथा, स्वभाव तर सगळ्या अकोल्याला माहीत. एक गळा होता. गुरुवारी मंडळात बसले की तेवढा वेळ मी कुणीतरी असायची. बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा तुम्ही टांगा घेऊन उभे होता आणि मी फलाटावरच तुमच्यासमोर रडले. दादांसमोर कधी रडले नाही ती.

टांगा निघाला. राजकमल चौक गेला आणि मग म्हणालात, "वहिनी, तुमचा आवाज भरून ठेवू. मंग गेला तरी कुटं जाते?"

मी म्हटलं, "पन रिळावर तं मामंजीचा आवाज हाये नं?" तुमच्याकडं रीळ एकच, हे मला माहीत होतं. नवीन मागवायचं तर मुंबईहून, आणि ऑपरेशन तोंडावर आलेलं. तुम्ही म्हणालात, "बाबा एका बाजूले हायेत. दुसरी बाजू रिकामी हाये."

किती सहज म्हणालात! मीठ आहे का घरात विचारल्यावर आहे म्हणावं तसं. आणि मी ते खरं धरून चालले. इतकी वर्षं तुमच्याकडं टेप होती, इंदू होती तेव्हापासून होती, आणि ती बाजू रिकामी कशी राहिली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात कुठली चार भजनं म्हणायची तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही खिडक्या लावल्या, रस्त्यावरचा गलका येऊ नये म्हणून. माइक पाटावर ठेवला. मी पदर खोचून बसले. तुम्ही लाल बटण दाबलं आणि बोटानं खूण केली. मी म्हणत गेले आणि तुम्ही समोर बसून त्या फिरत्या रिळाकडं पाहत होता. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाहीत. तिसऱ्या भजनाला तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही ते पुसलंही नाही.

आणि मी काय केलं सांगू? ती गोष्ट अख्ख्या अकोल्यात सांगत फिरले. मंडळात सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, नव्या सुनांना बसवून सांगितली. "आमच्या भाऊजींचा काई देवाधर्मावर विश्वास नाई, शायन्स शिकवते शाळेत. पन माहं भजन ऐकून त्याइच्या डोळ्याले धार लागली!" तुम्ही एकदा समोर होता तेव्हाही सांगितली. तुम्ही मान हलवली, "खरं हाये," म्हणालात. लाज नाही वाटली मला. वाटणार कशी, मला ठाऊक काय होतं? पण आता वाटते, आणि आताची लाज त्या वेळच्या सगळ्या फुशारकीला पुरून उरते. त्या बायांना आता काय तोंडानं सांगू, की माझ्या गाण्यानं तो माणूस रडला नव्हता, माझं गाणं त्याच्या बायकोला एकेका ओळीनं पुसत होतं म्हणून रडला?

चौथं झालं आणि मला चेव आला. म्हटलं अजून एक म्हणते. तुम्ही "बस, वहिनी" म्हणून चट्दिशी बंद केलंत. मी रुसले. "घसा जपा," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "माहा घसा मले माईत. अजून इतकं तं रीळ दिसते. तुमाले रिळाचा लोभ हाये!" लोभी म्हटलं मी तुम्हाला. त्यानंतर दर भेटीत तो एक टोमणा होताच. राखीला या, दिवाळीला या, पाचव्या भजनाचं काढल्याशिवाय मला पाणी गोड लागायचं नाही. तुम्ही हसायचात. तेवढ्या उरलेल्या बोटभर पट्टीत काय ठेवून घेतलं होतं, हे तुम्ही मेल्याशिवाय मला कळलं नाही.

आणि त्यावर कळस म्हणजे आवाज गेलाच नाही. गाठ निघाली, आठ-पंधरा दिवस मी खुणांनी बोलले, आणि मग आवाज आला तो पहिल्यापेक्षा खणखणीत. दादा म्हणाले, "डॉक्टरनं उलट भोंगा बसवून देल्ला." सगळे हसलो. तुम्हीही हसलात. त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं असेल हो? एवढं दिलं आणि त्याची गरजच नव्हती, असं नाही वाटलं? मी तर तुमच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. मी माझ्याच गळ्यावर हात फिरवत बसले होते.

रागही येतो मला तुमचा. येऊ द्या. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आपलं दीर-भावजयीचं कधी रागावल्याशिवाय झालं आहे? मला सांगा, मामंजींची बाजू काहून नाही पुसली? काय होतं हो त्यात? अर्धा तास पोथी आणि अर्धा तास गड्याला शिव्या! ते पुसलं असतं तर एकाचंही काही अडलं नसतं. पण मला तुमचं उत्तर माहीत आहे. मामंजी सगळ्या भावंडांचे होते. दादांना विचारावं लागलं असतं, धाकट्या वन्संना विचारावं लागलं असतं. मग सगळ्यांना कळलं असतं की जागा नाही, आणि मी ऑपरेशनच्या तोंडावर हिरमुसले असते. इंदूसाठी कुणालाच विचारावं लागत नव्हतं. ती तुमच्या एकट्याची होती. म्हणून तुम्ही जे तुमचं होतं तेवढंच दिलं.

पण मला तर विचारायचं! "वहिनी, याच्यावर इंदू हाये," एवढं म्हणायचं. मी नाही म्हटलं असतं. भाऊजी, मी नाहीच म्हटलं असतं. असं मी रोज स्वतःला सांगते. आणि रोज मनात येतं, की त्या दिवशी मी इतकी घाबरले होते, की काय सांगावं, कदाचित म्हटलं असतं, "थोडंसं तिचं राहू द्या, बाकीच्यावर माहं भरा." तुम्ही मला ओळखत होता. म्हणूनच विचारलं नाही का?

या दिवाळीचं भांडण तर अर्धंच राहिलं. पातूरचं स्थळ मी आणलं होतं, चांगली शिकलेली बाई, तुमच्या वयाला शोभणारी. तुम्ही नेहमीसारखं "पाहू" म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पाहू पाहू करत केस पिकले. इंदूसाठी बसले म्हनावं तं घरात तिचा एक फोटू लावून नाई. कधी नाव घेत नाई. तुमाले तिची याद तरी येते का?" दादांनी मला डोळ्यांनी दटावलं. तुम्ही करंजी हातात धरून बसला होता. थोड्या वेळानं म्हणालात, "चहा टाका, वहिनी." मी चहा टाकला नाही. रागानं तशीच झोपायला गेले. सकाळी तुम्ही पहिल्या गाडीनं निघून गेलात आणि नंतर तुमच्या मरणाची तारच आली.

तो एक कप चहा मला आता कुठं द्यायचा, सांगा. तुम्हाला तिची आठवण येते का, हे मी विचारलं, जिच्यामुळं तुमच्याकडं तिचं ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं! तुम्ही त्या वेळी एका वाक्यात मला गप्प करू शकत होता. नाही केलंत. इतका भलेपणा बरा नव्हे, भाऊजी. असल्या भलेपणानं मागं राहिलेल्या माणसाला जगणं कठीण होतं.

पण आभारही मानायचेच आहेत. लाजेनं मान वर होत नाही म्हणून ते राहून जायला नकोत. आयुष्यात माझ्या आवाजाला दाद देणारे पुष्कळ झाले. तो गेला तर मी कशी जगू, हे फक्त तुम्हाला कळलं. दादा चांगले आहेत, पण त्यांना ते आजही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं, कारण एक आवाज गेला की घर कसं होतं, हे तुम्ही पाहिलं होतं. एवढं मला आता समजतं.

तेरवी झाल्यावर सामानाची वाटणी झाली. टेप कुणाला द्यायची, तर दादा म्हणाले हिला द्या, हिलाच येते लावता. मी घेतली. अकोल्याला आणून कोनाड्यात ठेवली आणि रोज दुपारी इंदूचं तेवढं बोलणं ऐकायला लागले. "बाईचं तोंड चालते, पन मनात काई नसते." किती चांगलं बोलली हो माझ्याबद्दल, माझ्या पाठीमागं! ते ऐकलं की वाटायचं, एक माणूस तरी मला बरं समजत होतं. आणि मग एक दिवस ध्यानात आलं, की मी इथं बसून चैन करते आहे आणि जिची मुलगी आहे ती तिकडं दर्यापूरला "मांगचं लावा" म्हणत बसली असेल. तेरवीत सगळ्यांसमोर खाली मान घालावी लागली त्याहून ही लाज मोठी होती. दादांना म्हटलं, मला दर्यापूरला जायचं आहे, टेप घेऊन.

गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन गेले. सगळ्या रस्त्यानं काळ्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये, बाई, लेकरू का?" मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार?

इंदूच्या आई ओसरीतच बसल्या होत्या. घरात आता वीज आली आहे. मी लावलं. त्यांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, पदर तोंडाला लावून हसल्याही, "पाटवडीसाठी बेसन पाहा म्हनते! घरात कधीच सामान भरून ठेवे नाई. लहानपनापासून तसीच." मग म्हणाल्या, "बाई, याच्यात माहा आवाज भरता येते का? इंदीच्या लागून?"

मी म्हटलं, "येते. माहं शेवटचं भजन हाये तिथं. त्याच्यावर भरू."

"मंग तुमचं जाईन नं?"

"जाऊ द्या," मी म्हटलं. एवढं एक वाक्य मी मनापासून बोलले असेन इतक्या दिवसांत. रीळ चौथ्या भजनाच्या तोंडाशी आणलं. कुठं थांबायचं ते मला माहीत होतं. रिळावर किती पट्टी उरली की थांबायचं, ते रोज पाहून पाहून डोळ्यात बसलं होतं. भजन संपतं तिथं थांबायचं, म्हणजे तुमचं "बस, वहिनी" राहील, आणि त्याच्या पुढची इंदू राहील. लाल बटण दाबलं. पहिल्यांदाच दाबलं.

आई आधी बुजल्या, मग बोलायला लागल्या. "इंदे, मी माय बोलून राहिली तुही. तुह्या दादाले दुसरा पोरगा झाला वं. तुह्यासारखं नाक हाये त्याचं. आपली तांबडी गाय म्हातारी झाली, इकली नाई, बांधून हाये. विहिरीजवळच्या लिंबाले आता मोप लिंबं येते, तू लावला तो. तुहा मालक गेला वं, इंदे. लय चांगला मानूस. तुह्याजवळ आला का?" मी रिळाकडं पाहत होते. थांबायची जागा जवळ आली. मला म्हणायचं होतं, बस, आई. एकच शब्द. पण ती म्हातारी मुलीशी बोलत होती. इतक्या वर्षांनी बोलत होती, पुढं वाकून, त्या माइकला हात लावून. तिला मधेच कसं तोडू? अजून हे एक वाक्य होऊ दे, म्हटलं. मग त्याच्या पुढचं एक. रीळ फिरत राहिलं. "तिकडं कसी हायेस? जेवली का वं, इंदे?" असं म्हणून त्या रडायला लागल्या तेव्हा माझा हात किल्लीकडं गेला.

मग मागं फिरवून लावलं. आईंचं सगळं आलं, स्वच्छ आलं. "जेवली का वं, इंदे?" आणि लगेच इंदू, "अन् हे काय? हे फिरून राहिलं?" आईंनी टाळी वाजवली. "पाहा, पाहा, बोलली! मी विचारलं अन् बोलली!" घरातली पोरं धावत आली. त्यांना पुन्हा लावून दाखवावं लागलं, पुन्हा, पुन्हा.

तुमचं "बस, वहिनी" गेलं, भाऊजी. तुम्ही मला म्हटलेलं ऐकायला तेवढंच उरलं होतं. आणि इंदूचं बेसन गेलं, पाटवडी गेली, माझ्या तोंडाबद्दल आणि मनाबद्दल ती जे बोलली ते गेलं. आईंना पत्ता नाही. आपण विचारलं आणि इंदू बोलली म्हणून त्या इतक्या हरखल्या होत्या, की काय नाही ते त्यांच्या कानाला लागलंच नाही. टेप मी तिथंच ठेवून आले, सुनेला लावायला शिकवून. लाल बटणाला हात लावू नका, हेही सांगितलं.

तुम्ही इंदूच्या आवाजाला धक्का न लावता नेमके थांबला होता, माझा रुसवा पदरी घेऊन. मला एका म्हातारीचा रुसवाही घेववला नाही. रात्रीच्या आत घरी आले. दादांनी विचारलं, "झालं का नीट?" मी म्हटलं, "झालं, सारं नीट झालं," आणि चहा टाकायला आत गेले.